'म'वर थांब

धाकट्याने बनवलेल्या ॲपमध्ये खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ते कोणाला हवंय असं मात्र दिसत नव्हतं.

ॲपचं नाव 'मोकळं'. बोलताना अडखळणाऱ्या माणसांसाठी केलेलं. फोन समोर धरायचा, पडद्यावरचा मजकूर सावकाश वाचायचा, आणि ॲप नुसतं ऐकायचं. श्वास मोकळा असेल तोवर पडद्यावर एक रेघ लाटेसारखी वाहत राहायची. घसा आवळला की रेघ गडद व्हायची. 'चुकलं' असं ते कधीच म्हणायचं नाही. यावर धाकटा अडून बसला होता. आयुष्यभर ते ऐकून त्याचे कान किटले होते.

तो लहानपणापासून अडखळायचा. दुकानात गेला की थोरल्या बहिणीच्या मागे उभा राहून तिच्या पाठीत बोट खुपसायचा, आणि थोरली त्याच्या वतीने बोलायची. त्याला काय हवंय हे तिला न सांगता कळायचं. शाळेत, पाहुण्यांत, डॉक्टरांकडे, सगळीकडे त्याची वाक्यं तिने पुरी केली. नोकरीला लागायच्या वेळेस मात्र तो आपणहून एका स्पीच थेरपिस्ट बाईंकडे जायला लागला. श्वास कसा सोडायचा, अक्षरावर आदळायच्या ऐवजी त्याच्यावरून घसरत कसं जायचं, हे त्यांनी त्याला चिकाटीने शिकवलं. हळूहळू तो फोनवर बोलू लागला, अनोळखी माणसाला पत्ता विचारू लागला. संथ बोलायचा, पण बोलायचा. ज्यांना असल्या बाई परवडत नाहीत किंवा सापडत नाहीत, त्यांच्यासाठी काहीतरी करावं, हे तेव्हाच त्याच्या डोक्यात बसलं.

थोरली एका जाहिरात कंपनीत होती. भावाचं ॲप तयार झाल्यावर तिने ती नोकरी सोडली. "तू बनव, मी विकते," ती म्हणाली. "नाहीतरी लहानपणापासून माझं तेच काम आहे."

कुलूपवाल्याच्या दुकानावरची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली. एक टेबल, दोन खुर्च्या, गोल दिवा, आणि भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली निळी चादर. खाली किल्ल्या घासायचं यंत्र दिवसभर किरकिरायचं, त्यामुळे कुलूपवाला जेवायला गेला की मगच शूटिंग करता यायचं. थोरलीने सुरुवातीला खूप व्हिडिओ केले. श्वासाचे व्यायाम, अडखळण्याविषयीचे गैरसमज, स्वतः हसतमुखाने दिलेले सल्ले. बघणारे कोण, तर आत्या, मावश्या आणि जुन्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी.

"लोक अंगठ्याने जगतात रे," ती धाकट्याला समजावायची. "वर ढकलला, वर ढकलला, पुढे. पहिल्या दोन सेकंदांत तो अंगठा थांबला नाही, की आपण गेलो."

"मग थांबवायचा कसा?"

"तेच तर कळत नाहीये."

ते कळलं अगदी अवचित. एका दुपारी तिने धाकट्यालाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. ॲप कोणी केलं, का केलं, एवढंच त्याने सांगायचं होतं. कुलूपवाला परत यायची वेळ झाली होती आणि थोरली कॅमेऱ्याआडून हाताने 'आटप, आटप' अशा खुणा करत होती. घाई हा धाकट्याचा जुना वैरी. "माझ्या ॲपचं नाव" इथपर्यंत तो नीट आला आणि पुढच्या 'म'वर अडकला. ओठ मिटले ते मिटलेच. मानेची शीर फुगली, एक डोळा बारीक झाला, आणि बंद ओठांमागून तुटक तुटक आवाज येत राहिला. शेवटी 'मोकळं!' असं बाटलीचं बूच उडावं तसं बाहेर पडलं. पुढच्याच क्षणी तो स्वतःच खो खो हसत सुटला. थोरलीलाही हसू आवरेना.

तिने तो तुकडा आहे तसा ठेवला आणि वर लिहिलं, 'ॲप याने बनवलं. त्याचं नाव यालाच घेता येत नाही.'

"टाकू?" तिने विचारलं.

धाकट्याने पुन्हा एकदा पाहिलं. "टाक," तो म्हणाला. "खरंच तर आहे."

दुसऱ्या दिवशी थोरली उठली तेव्हा तिचा फोन तापला होता. तिला आधी वाटलं, काहीतरी बिघडलंय. अंगठे थांबले होते. नुसते थांबले नव्हते, लोक तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होते, एकमेकांना पाठवत होते. ॲप उतरवून घेणाऱ्यांचा आकडा बघता बघता इतका चढला की धाकट्याला सर्व्हर वाढवून घ्यावा लागला. एका बाईने लिहिलं की तिची मुलगी पहिल्यांदाच वर्गात हात वर करून बोलली. एका आजोबांनी लिहिलं, साठ वर्षं मी एकटाच असा आहे असं समजत होतो. धाकट्याने ते निरोप आईला वाचून दाखवले. आईला व्हायरल वगैरे काही कळत नव्हतं, पण मुलगा घडाघडा वाचतोय हे कळत होतं. ती पदराने डोळे पुसत राहिली.

पण लोकांनी व्हिडिओतून नुसता तो आवाजही वेगळा काढला. बंद ओठांमागचा तो 'म् म् म्' कोणीही उचलून स्वतःच्या व्हिडिओला लावायला लागलं. बायकोने पगार विचारल्यावर नवरा: म् म् म्. परीक्षेत प्रश्न वाचल्यावर: म् म् म्. एकाने तर मांजराच्या तोंडी तो बसवला.

"ताई, मांजरं माझ्या आवाजात बोलायला लागली," धाकटा म्हणाला. पहिल्या आठवड्यात त्यालाही गंमत वाटली होती.

मग गुंतवणूकदार आला. इस्त्रीचा शर्ट, मृदू आवाज, आणि तोंडात सतत एकच शब्द: वाढ. या महिन्याची वाढ, पुढच्या महिन्याची वाढ, वाढीचा वेग. तो खाली उतरला तशी धाकट्याने त्याचं नाव ठेवून टाकलं, वाढपी. पुढच्या भेटीत वाढपीने पैसे घातले आणि जाताना थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्हाला नस सापडलीये. आता सोडू नका."

नस सोडायची नाही म्हणजे पुन्हा तसंच करायचं. थोरलीने धाकट्याचा दुसरा व्हिडिओ केला. यात तो छान बोलला, संथ आणि सरळ, एकदाही न अडकता. थेरपिस्ट बाई पाहून खूश झाल्या असत्या. लोकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्याचंही तेच. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'हा तर नीट बोलतो. आधीचं नाटक होतं वाटतं.' आलेख खाली झुकला आणि वाढपीचे फोन सुरू झाले.

"छोट्या," एका दुपारी दिवा लावता लावता थोरली म्हणाली, "थोडं अडखळ ना."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं.

"खोटं नाही रे. तुला जसं आधी व्हायचं तसंच. आपण काही बनवून सांगत नाहीये. फक्त 'म'वर थांब जरा. मी हात खाली केला की सोड."

"लोक नीट बोलायला शिकावेत म्हणून ॲप केलं ना आपण?"

"लोक आले तर शिकतील ना? आधी आले पाहिजेत."

तो खुर्चीत बसला. थोरलीने हात वर केला. तो 'म'वर थांबला. तिने हात खाली केला. त्याने सोडलं.

तो व्हिडिओ उसळला. मग दुसरा केला, मग आणखी. धाकटा सामान आणायला गेलाय आणि काउंटरवर अडकलाय. धाकटा एका मुलीला नाव विचारतोय. धाकटा चुकीच्या लिफ्टमध्ये आहे आणि मजला सांगता येत नाहीये. थोरली लिहायची, तो करायचा. काम चोख व्हायचं. खालून कुलूपवाला कधी वर आला तर दारात उभा राहून हसून हसून बेजार व्हायचा आणि म्हणायचा, "याला सिनेमात घाला."

थेरपिस्ट बाईंनी एकदा थोरलीला फोन केला. "त्याला हे करायला लावू नका," त्या म्हणाल्या. "मुद्दाम केलंय की आपोआप झालंय, हे घशाला कळत नाही हो. त्याला फक्त सवय कळते."

"नाही, तो मजेत आहे," थोरली म्हणाली. "आणि ॲपमध्ये तुमचेच व्यायाम आहेत. किती लोकांपर्यंत पोचताहेत बघा ना."

"तो माझ्याकडे यायचा थांबलाय, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

थोरलीला ते माहीत नव्हतं. "कामाची गडबड आहे," ती म्हणाली.

जेवताना धाकटा आता हवं ते बोटाने दाखवायला लागला होता. फोन वाजला की कापायचा आणि निरोप टाइप करायचा. पत्ता विचारायची वेळ आली तर फोनचा नकाशा काढायचा. थोरलीच्या हे लक्षात येत नव्हतं असं नाही. व्हिडिओ कापताना तिला कधीकधी दिसायचं की तिने हात खाली केल्यावरही तो लगेच सुटलेला नाही, ओठ मिटलेलेच आहेत, डोळ्यांत पाणी आलंय. ती तो तुकडा थांबवून बघायची. हे ठरवून केलंय की खरं आहे, तिला सांगता यायचं नाही. त्याला विचारावं असं तिच्या मनात यायचं. पण तुकडा इतका अस्सल असायचा की ती तोच ठेवायची, आणि विचारायचं राहून जायचं.

त्या दिवशी ती वाढपीच्या ऑफिसात होती. काचेची मोठी खोली, लांब टेबल, भिंतीवर तिचा आलेख. वाढपीने आणखी दोन माणसांना बोलावलं होतं आणि ती त्यांना समजावून सांगत होती की अंगठा कसा थांबतो. बोलता बोलता टेबलावरचा फोन थरथरला. धाकट्याचं नाव. तिला जरा नवल वाटलं, कारण हल्ली तो निरोप पाठवायचा, फोन करायचाच नाही. चुकून लागला असेल, असं म्हणून तिने कापला. तो पुन्हा थरथरला. वाढपी तिच्याकडे बघत होता. तिने फोन उलटा करून ठेवला आणि पुढे बोलत राहिली.

बाहेर आल्यावर तिने निरोप पाहिला. 'आई पडली.' आणि त्याखाली इस्पितळाचं नाव.

ती पोचली तेव्हा आईला आत नेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. धाकटा लांब बाकाच्या टोकाला बसला होता, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत ओले. शेजारी वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मास्तर होते. जे घडलं ते थोरलीला त्यांच्याकडून कळलं, कारण धाकटा काही बोलत नव्हता.

आई न्हाणीघरात घसरली होती. धाकटा धावला, पण तिला उचलायला गेला की ती किंचाळायची. त्याने अँब्युलन्सला फोन लावला.

"मी नंतर विचारलं त्याला, तर त्याने मला लिहून दाखवलं," मास्तर आवाज खाली करून म्हणाले. "'माझी आई पडलीये' असं म्हणायचं होतं हो त्याला. सुरुवातीच्याच अक्षराला अडकला. पलीकडच्या मुलीला वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. तो आवाज लावून लोक कुठेही फोन करतात म्हणे हल्ली. ती म्हणाली, 'सकाळपासून हाच चावटपणा चाललाय,' आणि ठेवून दिला. त्याने परत लावला. परत तेच. या वेळी मागून आणखी कोणीतरी हसलं."

थोरलीने फोन काढून त्याचे दोन न घेतलेले कॉल पाहिले.

"मग तुम्हाला लावला असणार. आणि मग माझ्या दारावर धडका मारायला लागला. मी उघडलं तर तोंडातून शब्द नाही, नुसता हात धरून ओढतोय. मला वाटलं, घरात आग लागली. तोवर ती माऊली त्या गार फरशीवर पडून होती. किती वेळ, देव जाणे."

मास्तर चहा आणायला गेले. थोरली धाकट्याशेजारी बसली.

"छोट्या," ती म्हणाली, "मी मीटिंगमध्ये होते रे. मला वाटलं..."

त्याने हात वर करून तिला थांबवलं. मग तो बोलायला लागला. तिने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, अगदी लहानपणीही नाही. प्रत्येक शब्दाला तोंड वाकडं होत होतं, मान एका बाजूला ओढली जात होती. पुढचा शब्द कोणता हे तिला कळत होतं, आणि तो त्याच्या ओठांतून काढून घेऊन आपण म्हणून टाकावा असं तिला अनावर वाटत होतं. तिने दातांत ओठ धरला.

"तुला... फ् फोन... का केला... सांगू?" तो म्हणाला. "त्या लोकांना... खोटं वाटलं. म् म्..." तो थांबला, डोळे मिटले, पुन्हा सुरुवात केली. "म्हटलं... तू ऐकलंस... की तुला कळेल. खरंय ते."

समोरच्या बाकावरची एक बाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिने शेजारच्या माणसाला कोपराने ढोसलं आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं हसू पसरलं. धाकट्याने ते पाहिलं. त्यानंतर तो बोलला नाही.

आई जगली. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, वॉकर धरून घरातल्या घरात चालता येईल इतपत ती सावरली. पण फरशीचा गारठा तिच्या अंगातून गेला नाही. भर दुपारीही ती शाल मागायची, आणि न्हाणीघराच्या दारापाशी आली की लहान मुलासारखी रडायची.

थोरलीने सगळे व्हिडिओ काढून टाकले. वाढपीने फोनवर तिची हजेरी घेतली, आणि काही दिवसांनी आपले पैसे काढून घेतो असं वकिलाकरवी कळवलं. ज्यांनी तो आवाज वापरला होता त्यांना थोरली एकेक करून लिहायला बसली: कृपया काढा, यामुळे एका माणसाला त्रास झालाय. काहींनी काढला. काहींनी हसण्याची चित्रं पाठवली. एकाने तिचं विनंतीपत्रच दाखवून त्यामागे तो आवाज लावला, आणि ते खूप चाललं. तेव्हा तिने लिहिणं सोडलं.

खोली रिकामी केली त्या दिवशी कुलूपवाला जिन्यात भेटला. "बंद का हो केलंत?" त्याने हळहळून विचारलं. "चांगलं नाव झालं होतं पोराचं."

धाकट्याने एका गोदामात नोकरी धरली, मालाची नोंद ठेवणाऱ्या संगणकांची देखभाल करायची. तिथे सगळं लिहूनच चालतं, म्हणून त्याला ती आवडली असावी. ॲप त्याने बंद केलं नाही. जे थोडे लोक अजून रोज वाचायला येत होते, त्यांच्यासाठी तो घरी आल्यावर ते दुरुस्त करत बसायचा. स्वतः मात्र कधी वाचायचा नाही. आईला उठवायचं, बसवायचं, औषधं द्यायची, सगळं तो करायचा, अगदी मायेने, पण मुकाट्याने. थेरपिस्ट बाई एकदा घरी येऊन गेल्या. त्याने त्यांना पाणी दिलं, नमस्कार केला आणि आत निघून गेला. थोरलीवर तो रागावलेला दिसायचा नाही. तिने काही विचारलं तर मान हलवायचा. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. निदान त्यासाठी तरी तो बोलला असता.

आईच्या दुखण्याचा खर्च होता, घराचं भाडं होतं. थोरली नोकरी शोधायला लागली. तिने अर्जात ॲपचा उल्लेख केला नव्हता. पण ज्या जाहिरात कंपनीने तिला बोलावलं, तिथल्या मुख्य बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि त्या हसतच म्हणाल्या, "तो 'म् म् म्' तुमचा ना? आमच्याकडे सगळ्यांना माहितीये. कमाल केलीत तुम्ही. डोक्यातून जातच नाही तो आवाज."

थोरलीला म्हणता आलं असतं की तो माझा नाही, माझ्या भावाचा आहे. तिने म्हणायला तोंड उघडलंही. पण बाई इतक्या कौतुकाने बघत होत्या, आणि घरी आई शाल मागत असेल.

"हो," ती म्हणाली.

घरी येऊन तिने सांगितलं की नोकरी लागली. आईने विचारलं, "काम काय?" थोरली म्हणाली, "आधीचंच." धाकटा आईच्या चष्म्याच्या काचा पुसत होता. तो पुसत राहिला.

पहिल्याच आठवड्यात तिच्या टेबलावर नवं काम आलं. तान्ह्या मुलांना झोपवणारं ॲप; अंगाईचे सूर, पावसाचा आवाज, असलं काहीतरी. उजेडाच्या मोठ्या खोलीत सहाजण गोल बसले होते. कोणी म्हणालं, गोंडस बाळ दाखवू. कोणी म्हणालं, डॉक्टरांना बोलायला लावू. मग सगळे थोरलीकडे बघायला लागले, कारण तिला त्यासाठीच तर घेतलं होतं.

"गोंडस बाळाने अंगठा थांबत नाही," ती म्हणाली. आपला आवाज किती सराईत येतोय हे तिला ऐकू येत होतं. "बाळ झोपत नाही म्हणून खरोखर रडकुंडीला आलेली एखादी आई मिळेल का? नटी नको. खरी."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं.